बिबट्या पकडून नेला, पुढे काय?

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. आमचे बिऱ्हाड जालना शहरात असले तरी वडिलार्जित जमीन अंबड तालुक्यात गोदावरीच्या अंगाला आहे, आणि थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतो, ती पाहतात. एके दिवशी भल्या सकाळी त्यांचा निरोप आला की, रात्री आखाड्यावरची कालवड गेली. उसाच्या सरीत पंजाचे ठसे आहेत आणि ते कुत्र्याचे खचित नव्हेत. दुपारच्या एस. टी.ने मी गेलो. गोठा म्हणजे चार मेढींवर पत्रा, तिन्ही बाजूंनी उघडा. सालगड्याचे कुटुंब त्यालाच लागून राहते, आणि त्यांची पाच वर्षांची पोर दिवेलागणीनंतरही बांधाबांधाने हिंडत असते. कालवडीचे दुःख होतेच. परंतु त्या पोरीकडे पाहून पोटात जे धस्स झाले ते निराळेच होते.

संध्याकाळी पारावर मंडळी जमली. मत एकच पडले : पिंजरा लावावा, बिबट्या धरावा आणि दूर कोठे तरी जंगलात नेऊन सोडावा. मारून टाका असे कोणी म्हणाले नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो. गावात मास्तर आला की अर्ज त्याने लिहावयाचा हा रिवाजच आहे. तेव्हा मीही तो लिहिला, आणि शहरात कचेरीत देऊन येतो असे सांगून खिशात घातला. रात्री घरी जेवताना हकीकत सांगितली, तो धाकट्या बंधूंची कन्या, जी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते, ताटावरून मान वर करून म्हणाली, “काका, अर्ज देण्याआधी जुन्नरला काय झाले ते तरी वाचा.”

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शास्त्रीय निबंध वाचताना पावलोपावली अडलो, आणि अडलो तेथे तिने अर्थ सांगितला. आयुष्यभर मुलांस शिकविल्यावर पुतणीचा विद्यार्थी होण्यात एक प्रकारची मौज असते, ती असो. जे वाचले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण वन्य प्राण्यांच्या रक्षणाविषयी आपल्या घरोघरी कळकळ पुष्कळ आहे, परंतु केलेला उपाय लागू पडला की नाही हे पाहण्याची सवय फार थोड्यांस आहे. मलाही नव्हती.

प्रथम माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेतात रानडुकरांचा उपद्रव फार झाला, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून भुईमुगाभोवती जुन्या रंगीत साड्या बांधल्या. आठ दिवस डुकरे फिरकली नाहीत. हा उपाय रामबाण आहे असे मी चारचौघांत सांगत सुटलो. पुढल्या हंगामात साड्या अपुऱ्या पडल्या म्हणून शेताची एक बाजू मोकळी राहिली, आणि काढणीच्या वेळी पाहतो तो दोन्ही बाजूंची नासाडी जवळजवळ सारखीच! पहिले चार दिवस जनावर नव्या वस्तूस बुजते. मग त्यास कळते की साडी काही चावत नाही. ती एक बाजू मोकळी राहिली नसती तर मी आजही साड्यांचे गुण गात बसलो असतो.

न्यायशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासकासही अन्वय आणि व्यतिरेक हे दोन शब्द ठाऊक असतात. धूर आहे तेथे अग्नी असतो, एवढे पाहून भागत नाही. अग्नी नाही त्या डोहावर धूरही नसतो, हे पाहिले म्हणजे संबंध पक्का होतो. आपण उपाय करितो आणि अन्वय तेवढा पाहतो. व्यतिरेकाकडे डोळेझाक करितो. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने ते पाडले असे मानण्यातला हा प्रकार. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या आरमारी वैद्याने रक्तपितीने आजारी असलेले बारा खलाशी घेतले, दोघांदोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळाली ते दोघे झपाट्याने सुधारले. वैद्यकाने हा धडा घेण्यास पुढे दीडदोन शतके लावली. वन्यजीवरक्षणाने तो घ्यावयास आता कोठे आरंभ केला आहे. २००४ पासून विल्यम सदरलंड आणि त्यांचे सहकारी जगभरचे असे प्रयोग गोळा करून, कोणता उपाय हितकर, कोणता संशयित आणि कोणता निरुपयोगी वा अपायकारक, अशी वर्गवारी करीत आहेत. आपल्याकडील औषधींच्या निघंटूसारखेच हे काम म्हणावयाचे. भेद इतकाच की प्रत्येक गुणधर्मापुढे त्याचे प्रमाण दिलेले असते.

आता जुन्नर. पुणे जिल्ह्याच्या या भागात धरणे झाली, पाटाचे पाणी आले आणि ऊस उभा राहिला. बिबट्यास ऊस म्हणजे आयते रान : आत थंडावा, वर आडोसा, आणि वस्तीत कुत्री, शेळ्या, वासरे. तेथील वस्ती दर चौरस किलोमीटरला सरासरी १८५ माणसांची. फेब्रुवारी २००१ पासून तेथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून लगतच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली. असे २९ बिबटे माणसांच्या वस्तीतून धरले आणि सरासरी सुमारे ३९ किलोमीटर दूर नेऊन सोडले. हेतू चांगला होता. बिबट्या मरू नये आणि माणसासही त्रास होऊ नये, याहून चांगला हेतू तो कोणता? आमच्या पारावरच्या मंडळींचाही तोच होता.

फळ काय मिळाले ते विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे. १९९३ ते २००१ या काळात बिबट्याने माणसावर केलेले हल्ले वर्षास सरासरी ४ होते. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. एवढ्यानेही भागले नाही. पूर्वी शंभर हल्ल्यांत १८ प्राणघातक ठरत, ते आता ३६ ठरू लागले. ज्या जंगलांत हे बिबटे सोडले त्यांच्या आसपासही हल्ले झाले. तेथे राहणाऱ्या माणसांनी कोणाचे काय केले होते? आम्ही अर्जात ‘दूर कोठे तरी’ असे लिहिले होते. त्या ‘कोठे तरी’ या ठिकाणीही कोणाची तरी पाच वर्षांची पोर बांधावर हिंडत असते, हे मला तो आकडा वाचीपर्यंत सुचले नव्हते.

मास्तरकीची खोड म्हणून मी पुतणीस हरकत घेतली. म्हटले, “हादेखील काकतालीय न्यायच कशावरून नव्हे? त्याच वर्षांत ऊस वाढला असेल, बिबटे वाढले असतील, खबरा अधिक बारकाईने टिपल्या गेल्या असतील.” ती म्हणाली, “हरकत रास्त आहे. या अभ्यासाची ती उणीवच.” नशीब, काकांस गप्प करण्याचा हव्यास तिला नाही! पूर्वी आणि नंतर अशी तुलना त्यात आहे. परंतु जेथे बिबटे धरलेच नाहीत असा जोडीचा दुसरा तालुका त्याच मापाने तपासलेला नाही. असे असूनही सोडण्याच्या जागांजवळचे हल्ले ऊस वाढल्याने झाले, असे म्हणता येत नाही. शिवाय मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बाहेरचे बिबटे आणून सोडले जात होते, आणि तेथेही २००४ साली हल्ल्यांचा कहर उसळला. पुढे धरसोड आवरल्यावर तो ओसरला. दोन ठिकाणचे साक्षीदार एकच सांगू लागले म्हणजे न्यायाधीशाने कान टवकारावेत. केंद्र सरकारने २०११ साली बिबट्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही ही उचलून सोडण्याची रीत टाळावी असाच रोख आहे.

असे का व्हावे, याचा उलगडा बिबट्याच्या स्वभावात आहे. त्याची हद्द ठरलेली असते. एक उचलला की रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि तो पुष्कळदा तरुण व अननुभवी असतो. उचललेला परक्या मुलखात भांबावतो, आणि त्याचे पाय जेथे नेतील तेथे निघतो. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून, गळ्यात खूणयंत्र बांधून माळशेज घाटाजवळ सोडला. तो पठ्ठ्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या उद्यानात जाऊन राहिला! वाटेत वस्त्या होत्या, रस्ते होते. त्याने माणसास बोट लावले नाही. त्यास ‘आजोबा’ असे नाव पडले होते, आणि त्याच नावाचा चित्रपट २०१४ साली निघाला. बिचारा २०११ मध्ये मोटारीखाली सापडून मेला. आपण त्यास सोडतो ती जागा त्याने आपली मानलीच पाहिजे, असा करार त्याच्याशी कोणी केलेला नसतो.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले येथील काम याहूनही चकित करणारे आहे. तेथे जंगल असे नाहीच, सगळी शेती, माणसेही दाट. तेथील उसात आपोआप छायाचित्र घेणारी यंत्रे लावून मोजले तेव्हा दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळजवळ तितकेच तरस. त्यांच्या भक्ष्यात पाळीव प्राण्यांचा वाटा फार मोठा, आणि त्यात सर्वांत अधिक कुत्र्यांचा. म्हणजे गावकऱ्यांस ‘बिबट्या आला’ असे वाटते तेव्हा तो पुष्कळदा आलेला नसतो, असलेलाच असतो. हे कळल्यावर दादांच्या उसाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली, हे कबूल करितो.

मग करावयाचे काय? येथे शास्त्राची तिजोरी आपण समजतो तितकी भरलेली नाही. २०१७ साली काही संशोधकांनी मोठ्या हिंस्र पशूंपासून गुरे वाचविण्याच्या उपायांवरील हजारो निबंध चाळले. त्यांत ज्यास खरी तुलना म्हणावी असे निघाले अवघे २१. तथापि जे आहे त्यातले काही फार सुबक आहे. चिली देशात डोंगरी गुराख्यांच्या कळपांभोवती रात्री लुकलुकणारे दिवे लावून पाहिले. कसे? तर काही कळपांस दिवे दिले, काहींस दिले नाहीत, आणि मध्येच अदलाबदल केली, म्हणजे प्रत्येक कळप दोन्ही अवस्थांत पाहावयास मिळाला. प्यूमा नावाचा तेथील मोठा मार्जार दिव्यांपासून दूर राहिला. तेथील कोल्ह्यांवर मात्र काडीचाही परिणाम झाला नाही. माझ्या साड्यांच्या शेताची एक बाजू अपघाताने मोकळी राहिली होती. यांनी ती बुद्धिपुरस्सर मोकळी ठेविली.

जेथे प्रमाण भक्कम आहे, असा प्रसंगही सांगितला पाहिजे, नाही तर लेख वाचून वाचक हताश व्हावयाचा. तो गिधाडांचा. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेला बैल टाकला की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू होत, आणि तिसऱ्या प्रहरी हाडांचा सापळा तेवढा उरे. आम्ही पोरे दुरून दगड मारीत असू. जटायूचे वंशज म्हणून आजी रागे भरत असे. आज आमच्या शाळेतील मुलांनी गिधाड चित्रातच पाहिले आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली भारतात जेथे हजार होती तेथे २००७ साली एक उरले.

कारणे ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितली : उंच झाडे तुटली, अन्न आटले, रोगाची साथ आली. प्रत्येक कारणास अनुरूप उपायही सुचत गेले. त्या वेळी झाडे लावीत बसलो असतो तर चांगलेच काम झाले असते. गिधाड मात्र एक वाचले नसते. २००४ साली पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची चिकित्सा प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ पक्ष्यांपैकी पंचवीसही पक्ष्यांत डायक्लोफेनॅक हे गुरांस देतात ते वेदनाशामक सापडले. अन्य कारणाने मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. अन्वयव्यतिरेकाचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मी वर्गात कधी दिले नसेन. पुढे बंदिस्त गिधाडांस ते औषध देऊनही खात्री केली. मेलेल्या शंभर जनावरांत एकाहूनही कमी जनावरात मारक प्रमाणात औषध असले तरी एवढी जात बुडण्यास ते पुरेसे आहे, असे गणिताने दिसून आले.

२००६ साली भारताने गुरांसाठी या औषधाची बंदी केली, आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक असलेले औषध तपासून पुढे आणले. परंतु या कथेतील मला सर्वांत आवडलेला भाग यापुढचा आहे. बंदीचा कागद निघाला, काम झाले, असे म्हणून कोणी हात झटकले नाहीत. मेलेल्या गुरांच्या यकृतांचे नमुने हजारोंनी घेऊन पाहिले : बंदीपूर्वी शंभरांत सुमारे ११ जनावरांत औषध सापडे, दोनतीन वर्षांनी साडेसहांत सापडू लागले. कमी झाले, परंतु थांबले नाही. शोध घेता कळले की माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांस टोचल्या जात होत्या. म्हणून २०१५ साली बाटलीचे माप ३ मिलिलिटरवर आणले. पुढे त्याच जातीची आणखी दोन औषधे, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, गिधाडांस घातक ठरली. त्यांचीही गुरांसाठी २०२३ साली बंदी झाली. गिधाडांची घसरगुंडी थांबली आहे. संख्या अद्याप फार थोडी आहे. आपल्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी गिधाडांस निर्दोष मांस घालण्याच्या जागा केल्या आहेत, त्या स्तुत्य आहेत. परंतु पाकिस्तानातील अशाच एका प्रयोगात मृत्यू कमी झाले, थांबले नाहीत, कारण पक्षी एका ताटावर जेवून स्वस्थ बसत नाही.

याच्या उलट गत माळढोकाची. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आकडा मोठा भारदस्त! त्यात शेते, गावे, रस्ते, सगळेच आले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आणि नान्नजच्या माळावर आता एखादा पक्षी दिसला तर त्याची बातमी होते. क्षेत्रफळ मोजले, पक्ष्यांची पिले किती जगली हे त्या मानाने कोण मोजतो? आता उरलेल्या माळढोकांचा मोठा शत्रू म्हणजे विजेच्या तारा. त्यांवर पक्ष्यांस दिसाव्यात म्हणून भिंगऱ्या लावतात. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशात काही तारांवर त्या लावून आणि काहींवर न लावता तुलना केली, तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला : निळ्या क्रौंचांचे मृत्यू पुष्कळ घटले, माळढोकाच्या भाऊबंदांचे मुळीच घटले नाहीत. हा पक्षी उडताना मान खाली करून पाहू लागला की त्यास समोरचे दिसतच नाही. राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्याव्यात की कसे, हा प्रश्न २०२१ आणि पुन्हा २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अशा वेळी क्रौंचास लागू पडलेले औषध माळढोकासही लागू पडेल, असे गृहीत धरणे किती महाग पडेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे सर्व घेऊन मी पुन्हा दादांकडे गेलो. दादा संतापले. “तुझ्या पुस्तकांनी कालवड परत येते काय? उद्या पोरीस काही झाले तर हे निबंध तिच्या आईस वाचून दाखविणार आहेस?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. २०२५ च्या अखेरीस शिरूर-जुन्नर भागात माणसे बळी पडली, त्यांत मुले होती. तेथील लोकांनी रस्ता अडवून सर्व बिबटे उचला असे म्हटले तर घरात बसून त्यांस अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही. माणसावर चटावलेले जनावर धरलेच पाहिजे, याविषयीही दुमत नाही. आमच्या उसातल्याने अद्याप कालवड तेवढी नेली होती, एवढाच माझा मुद्दा. भरपाईच्या कागदांस एका कचेरीत जे हेलपाटे पडले त्यांची कथा सांगण्यात अर्थ नाही. परंतु ती भरपाई महिन्यात हाती आली असती तर दादांचा राग निम्मा झाला असता, असे मला वाटते.

शेवटी वहिनींनी मध्यस्थी केली. पिंजऱ्याचा अर्ज तूर्त ठेवावा आणि आधी गोठा बंद करावा, असे ठरले. दादांनी कुरकुरत का होईना, तिन्ही बाजूंस जोत्यापासून पत्र्यापर्यंत जाड जाळी मारून घेतली आणि कडीचे दार बसविले. सालगड्याच्या खोलीपुढे दिवा आला. आणि दिवे लागले की पोरीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, असा वहिनींचा हुकूम सुटला. शेजारच्या दोघांनी पाहून आपापले गोठे बंद केले. इतरांचे उघडेच आहेत. कोणी काही म्हणो, मला ती सोयच झाली. मी एक वही घातली आहे. तिच्यात बंद गोठे एका पानावर, उघडे दुसऱ्या पानावर. कोणाकडे काय गेले, कोणत्या तिथीस, अंधारी रात्र होती की चांदणी, हे दादा दर आठवड्यास दूरध्वनीवरून सांगतात आणि मी टिपून ठेवतो. गोठे थोडे आहेत आणि काळही थोडा लोटला आहे; पुतणी म्हणते, यावरून निदान दोन वर्षे तरी तोंड उघडू नये.

परवा दादांचा दूरध्वनी आला. ओढ्यापलीकडच्या आखाड्यावरचे कुत्रे गेले. त्याच रात्री शेजारच्या उघड्या गोठ्यातल्या शेळ्यांस कोणी हात लावला नाही. म्हणजे माझ्या मताच्या विरुद्ध पडणारी नोंद. तीही तारखेनिशी लिहून ठेविली आहे. अर्ज अजून माझ्या कपाटात आहे.